दाराबाहेरचा कोच

ओचिला कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमवर लाउडस्पीकर बसवले ते प्रेक्षकांसाठी. कोच रॉइस हॉलिफिल्डला त्यांची गरज कधीच नव्हती. अलाबामातल्या त्या गावात अजून सांगतात, की सामन्याआधी खेळाडूंच्या खोलीत गुडघा टेकून तो प्रार्थनेला लागला, की बाहेर पार्किंगमधल्या माणसांच्या टोप्या आपोआप हातात यायच्या. एकदा तर म्हणे त्याचं 'आमेन' भिंतीपलीकडे गेलं आणि पाहुण्या संघातले चौघे तिकडे धपाधप गुडघ्यावर आले. त्यांच्या कोचनं त्यांना बखोटीला धरून उठवलं, पण त्या दिवशी ते चौघे काही नीट खेळले नाहीत. फाटकाजवळ शेंगा उकडणाऱ्या म्हातारीचं पातेलं त्या आमेननं उतू गेलं असंही सांगतात. पण म्हातारी मुळातच आच मोठी ठेवायची, तेव्हा ते सोडून देऊ.

रॉइसची प्रार्थना इतरांसारखी 'सगळ्यांचं भलं कर' छापाची नव्हती. तिच्यात तपशील असायचा.

"हे प्रभू," तो म्हणायचा, "आज आमच्या बासष्ट नंबरच्या मांड्यांत बळ दे. त्यांचा तो उंच पोरगा डावीकडून आत घुसतो, ते त्याला वेळेवर दिसू दे. आमच्या ब्रँटलीचा अंगठा सांभाळ, म्हणजे पहिलाच चेंडू लांब फेकता येईल. आणि पुढच्या फळीत डाव्या गार्डच्या जागी उभ्या राहणाऱ्या कोडीला सांग प्रभू, की शिट्टीआधी हलायचं नसतं."

यात गोम अशी होती, की सुरुवातीला मैदानात कोणते अकरा उतरणार हे रॉइस त्याआधी कुणालाच सांगत नसे. नावं त्यानं मनाशी ठरवलेली असत, पण देवाच्या कानावर घातल्याशिवाय ती पक्की झाली असं त्याला वाटत नसे. प्रार्थनेत ज्याचं नाव आलं, तो खेळणार. ज्याचं नाही आलं, त्यानं बाकावर बसून पाणी प्यायचं. मदतनीस कोच बक नॉर्टन तर हॅटच्या आत पेन्सिल आणि कागद ठेवून डोळे मिटायचा. सगळी खोली इतकी स्तब्ध असायची की बुटाची नाडीसुद्धा कुणी ओढत नसे. ती स्तब्धता बघून रॉइसचे डोळे भरून यायचे. एवढी दांडगी पोरं, पण देवापुढे कशी गप्प होतात, असं तो रविवारी चर्चमध्ये चारचौघांना सांगायचा.

त्या वर्षी सामने सुरू व्हायच्या तोंडावर कॉलेजच्या वकीलबाई त्याच्या ऑफिसात आल्या. प्रुडॉम त्यांचं नाव. खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली.

"कोच, कॉलेज सरकारी आहे, आणि सरकारनं कुणावर धर्म लादायचा नाही असा कायदा आहे. पोरांकडून प्रार्थना तुम्ही करवून घ्यायची नाही. त्यांची ती करत असतील तर करू देत. तेवढा वेळ तुम्ही खोलीत थांबायचं नाही."

"कुणी तक्रार केली?"

"ते मी सांगणार नाही."

"देवाचं नाव घेतलेलं तुम्हाला खुपतं, मॅडम?"

"माझे वडील पाद्री होते, कोच. रोज जेवायच्या आधी ते इतकी लांब प्रार्थना करायचे की आम्ही भावंडांनी गरम जेवण कसं लागतं ते लग्न झाल्यावरच पाहिलं. पण कुणाला खेळवायचं आणि कुणाला नाही, हे त्यांच्या हातात नव्हतं. तुमच्या हातात आहे. तुम्ही 'डोळे मिटा' म्हटल्यावर उघडे कोण ठेवील?"

"आणि मी काय करू तेवढा वेळ?"

"तुम्ही एकटे, स्वतःशी, हवी तितकी प्रार्थना करा. त्याला कोण नको म्हणतंय?"

पहिल्या शनिवारी रॉइस बोळात जाऊन उभा राहिला. एका बाजूला खोलीचं बंद दार, दुसऱ्या बाजूला बर्फाचं यंत्र, मध्ये तो. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. खिशात घातले, काढले, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. दारापर्यंत गेला, परत आला. बर्फ धडाधड खाली पडला तसा दचकला. आत काय चाललंय ते काही ऐकू येईना.

दार उघडलं आणि पोरं मैदानाकडे धावली. मग जे झालं ते ओचिलात अजून मीठमसाला लावून सांगतात. पहिल्या चेंडूला ओचिलाचे चौदा जण मैदानात उतरले. डाव्या गार्डच्या जागेवर तिघे जण एकमेकांना कोपरानं ढकलत उभे. पंचांनी पेनल्टी दिली, तेव्हा सगळेच एकदम इतके शरमले की पुढच्या खेपेला आठच राहिले, आणि उजवी बाजू दुकान बंद करून मालक गावाला गेल्यासारखी मोकळी पडली. बक नॉर्टन कोरा कागद हातात धरून रॉइसकडे बघत होता, आणि रॉइस आभाळाकडे. पाहुण्यांचा नंतर नंतर इतका जीव रमला, की त्यांनी बँडमधल्या ढोलवाल्यालाही खेळवायचं मनात आणलं होतं म्हणतात.

"बघितलंस?" रविवारी सकाळी रॉइस बायकोला म्हणाला. "प्रार्थना काढून घेतली की काय होतं ते बघितलंस?"

व्हर्लीन ग्रिट्स ढवळत होती. मक्याच्या त्या कण्यांना गुठळी पडू न देणं हे तिचं एक व्रतच होतं. तिनं पळी काही थांबवली नाही.

"प्रार्थना गेली म्हणून नाही हरलात, रॉइस. तू नावं नाही सांगितलीस म्हणून."

"नावं मी प्रभूला सांगायचो."

"आणि पोरं?"

"पोरं प्रार्थना करायची. तू कधी बघितलं नाहीस. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी."

"हो?" व्हर्लीन म्हणाली, आणि ताटलीत वाढायला लागली.

एवढंच. पण त्या एका 'हो?'नं रॉइसचं जेवणावरचं लक्ष गेलं. चर्चमध्ये तो भजन एक ओळ पुढं म्हणत राहिला. सोमवारी सरावात त्यानं तीनदा शिट्टी वाजवली आणि तिन्ही वेळा कशासाठी वाजवली ते विसरला. इतकी वर्षं त्याच्याभोवती डोकी झुकली होती. त्यातली देवापुढे किती आणि आपल्यापुढे किती, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर बाहेर पडायला वाट मिळेना.

शेवटी त्यानं लवॉन्टे पेटवेला गाठलं. लवॉन्टे म्हणजे बासष्ट नंबर, संघाचा कप्तान. दारातून यायचं तर तो आधी एक खांदा पाठवायचा आणि मग दुसरा. त्याची आई काउंटी रोडवरच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायची, आणि तिचं गाणं सुरू झालं की पाद्री आपलं प्रवचन आवरतं घ्यायचा. उत्तर मिळालं तर इथंच मनासारखं मिळेल, असं रॉइसला वाटलं असावं. लवॉन्टे वजनं उचलत होता.

"लवॉन्टे, मी प्रार्थना करायचो तेव्हा तू काय करायचास?"

"ऐकायचो, कोच."

"ऐकता ऐकता मनात काही म्हणायचास ना?"

"नाही, सर. नुसतं ऐकायचो."

"तुझ्यासारखा पोरगा? तुझ्या आईचा मुलगा?"

लवॉन्टेनं वजन खाली ठेवलं. "प्रार्थना मी घरी करतो, कोच. आईसोबत, ताटावर बसल्यावर. ती हात असा घट्ट धरते की मन दुसरीकडे नेताच येत नाही. इथं मी माझं नाव येतंय का ते ऐकायचो. आलं की पुढचं काही ऐकू यायचं नाही. नाही आलं, तर पुढचं ऐकून करायचं काय?"

"सगळ्यांचं असंच?"

"सगळ्यांचं मला नाही माहीत." तो टॉवेलनं हात पुसत राहिला. मग म्हणाला, "गेल्या वर्षी माझा गुडघा गेला, आठवतं? कुबड्या घेऊन प्रत्येक सामन्याला यायचो मी. मागं कोपऱ्यात उभा राहायचो, कारण टेकायला गुडघाच नव्हता. तुम्ही ब्रँटलीच्या अंगठ्यासाठी प्रार्थना केलीत. अंगठ्याचं नुसतं नख तुटलं होतं. माझं नाव काही आलं नाही."

"तू खेळत नव्हतास ना," रॉइस बोलून गेला.

लवॉन्टे त्याच्याकडे बघत राहिला. रागानं नाही, आणि तेच वाईट होतं.

"हो, कोच," तो म्हणाला. "तेच सांगतोय."

त्या आठवड्यात रॉइसचं वजन घटलं असं व्हर्लीन म्हणते, आणि त्याच्या गाडीची चाकं मात्र झिजली, कारण घर, मैदान, चर्च अशा तो विनाकारण फेऱ्या मारत होता. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा सामना जवळ आला होता. गुरुवारी सकाळी त्यानं अकराच्या अकरा नावं खोलीबाहेरच्या भिंतीवर चिकटवली. बक नॉर्टन ती वाचून थेट त्याच्या केबिनमध्ये आला.

"कोच, डॉक्टरकडे जाऊन आलात का कुठं?"

"का?"

"नाही, माणसं अशी निरवानिरव करतात तेव्हा…"

"जा, सराव घे."

घरी त्यानं व्हर्लीनला सांगितलं, "आता प्रार्थनेत कान देण्यासारखं काही उरलं नाही. शनिवारी सांगतो पोरांना: ज्याला थांबायचं त्यानं थांबावं, नको त्यानं बाहेर यावं. बघशील तू. एकही बाहेर यायचा नाही."

"आणि आले तर?"

"नाही येणार."

"मी विचारलं, आले तर."

रॉइसनं पाहुण्यांसाठी ठेवलेला पीच कॉब्लर, म्हणजे पीचचं भाजलेलं गोड, खायला सुरुवात केली, आणि व्हर्लीननंही त्याला हटकलं नाही. यावरून काय ते समजा.

शनिवारी पोरं कपडे चढवून तयार झाली, तसा तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. "नावं भिंतीवर आहेत. त्यांत बदल नाही. प्रार्थनेला थांबलात म्हणून कुणी आत येणार नाही, गेलात म्हणून कुणी बाहेर जाणार नाही. मी बोळात आहे." एवढंच बोलून तो निघाला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "याची भानगड काय आहे रे?"

बोळात बर्फाचं यंत्र घरघरत होतं. रॉइस दाराकडे पाठ करून उभा राहिला, मग तोंड करून, मग तिरका.

दार उघडलं. ब्रँटली कोप बाहेर आला. त्याचा बाप बॅप्टिस्ट पाद्री. पोरगा च्युइंगम चघळत होता.

"कोच," तो म्हणाला.

"बरं," रॉइस म्हणाला.

दार नीट बंद होतंय तोवर पुन्हा उघडलं. दोघे आले, मग कोडी, मग एकदम घोळकाच. प्रत्येक जण बाहेर आल्यावर आधी आपल्या बुटांकडे बघे आणि मग भिंतीला टेकून उभा राही. बोळ भरत गेला. येरझाऱ्या घालायला जागा उरेना, तसा तो पोरांच्या मधून वाट काढत फिरू लागला.

"कोच, बसा ना जरा," कोडी म्हणाला.

"मी बसलेलोच आहे," रॉइस म्हणाला, आणि चालत राहिला.

सगळ्यांत शेवटी लवॉन्टे आला. एक खांदा, मग दुसरा. दार त्यानं हळूच ओढून घेतलं.

"किती आहेत आत?" रॉइसनं विचारलं.

"आहेत थोडे."

"कोण कोण?"

"कोच," लवॉन्टे नुसतं म्हणाला.

पण रॉइसला राहवेना. ज्याचं आमेन पार्किंगपर्यंत जायचं, त्यानं दाराला कान लावला. आतून पुटपुटल्यासारखं ऐकू येत होतं. एकाचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसऱ्याचा. नाक ओढल्याचा आवाज आला, नाहीतर हसल्याचा. मधेच एक नाव कानावर आलं. एल्मा. संघात त्या नावाचं कुणी नव्हतं. कुणाची आजी असेल, बहीण असेल; रॉइसला काहीच माहीत नव्हतं. त्यानं कान आणखी दाबला.

"ऐकू नका, कोच," लवॉन्टे म्हणाला. "ते तुमच्याशी बोलत नाहीयेत."

रॉइसनं कान काढला. गालावर दाराच्या फळीची रेघ उमटली होती. वकीलबाई एकट्यानं प्रार्थना करा म्हणाल्या होत्या, ते त्याला आठवलं. बर्फाच्या यंत्रामागं जाऊन, मान खाली घालून, "हे प्रभू," त्यानं सुरुवात केली. पण सवयीनं आवाज असा चढला की बोळातल्या सगळ्या पोरांनी फटाफट हेल्मेटं काढली आणि कान टवकारले. रॉइसनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"चालू द्या तुमचं," तो म्हणाला. पुढं म्हणायचं काय, हे तसंही त्याला सुचलं नव्हतं. अकरा नावं तर भिंतीवर होती.

मैदानाच्या बाजूनं पंच आला, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, कपाळावर घाम. "कोच हॉलिफिल्ड, पाहुणे कधीचे उभे आहेत. तुमची पोरं काढा."

"आत आहेत अजून काही."

"खेळणारी?"

रॉइसनं बोळातल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. अकराच्या अकरा बाहेर उभे होते. "नाही," तो म्हणाला.

"मग त्यांची वाट कशाला बघायची? ती येतील मागून."

"संघ एकत्र जाईल."

"उशिराची पेनल्टी बसेल, संघ मागं ढकलला जाईल. पंधरा यार्ड. मेळाव्याच्या दिवशी, सगळ्या जुन्या लोकांसमोर."

बक नॉर्टननं दारावर थाप मारायला हात उचलला. इतकी वर्षं पोरांना लवकर मैदानात काढायला रॉइस स्वतःच ते दार मुठीनं हाणायचा. त्या जागी रंग उडून लाकूड दिसायला लागलं होतं. रॉइस बक आणि दार यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"कोच, पंधरा यार्ड," बक म्हणाला.

"ऐकलं मी."

"आत काय चाललंय ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही," रॉइस म्हणाला. मग पंचाकडे वळला. "लावा पेनल्टी."

पंच मान हलवत निघून गेला. रॉइसनं लवॉन्टेला हातानं खूण केली, तसा लवॉन्टे ते सगळे खांदे घेऊन दारासमोर उभा राहिला, म्हणजे आता थाप मारायची कुणाची टाप नव्हती. बाहेर बँडनं तीच धून दुसऱ्यांदा सुरू केली. पोरांनी अंग आकसून भिंतीच्या कडेनं वाट करून दिली, आणि कोच रॉइस हॉलिफिल्ड बर्फाच्या यंत्रापासून दारापर्यंत आणि दारापासून यंत्रापर्यंत पुन्हा फिरायला लागला.