सकाळची पहिली चार पिंपं

"काका, एवढी चार पिंपं भरून घेऊ द्या, मग तुमचं मीटर खुशाल घेऊन जा," ऑपरेटर बाई म्हणाल्या आणि त्यांनी पंपाचं बटण दाबलं.

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. पायाशी हत्यारांची पिशवी ठेवून मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मीटर तसं कारखान्याचं, पण बावीस वर्षांपूर्वी ते मीच बसवलं होतं आणि आज मीच काढायचं होतं. दहा वाजता नवं यंत्र येणार होतं, वजनावर पिंप भरणारं. माझ्या निवृत्तीला अठरा दिवस उरले होते. म्हणजे मी आणि हे मीटर एकाच महिन्यात सुटणार होतो.

घट्ट वाहणाऱ्या गोष्टी मोजणं हा माझा धंदा. गिअरचं तेल, सरस, राळ, साखरेचा पाक, जे जे म्हणून पाण्यासारखं झटकन पुढे जात नाही ते सगळं. मीटर बसवायचं, चालवून दाखवायचं, वर्षातून एकदा येऊन तपासायचं आणि सही करायची. ऑफिसात मला 'पॉइंट' म्हणतात. भाजीत मीठ कसं झालंय असं बायकोने विचारलं तरी हा 'पॉइंट दोन जास्त' असं सांगेल, अशी माझी थट्टा चालते. थट्टा कसली, एकदा मी खरंच तसं सांगितलं होतं.

पंप सुरू झाला आणि माझे कान टवकारले. आवाज बरोबर नव्हता. पाइपमधून ठकठक येत होती, जणू आत कुणी खडे टाकले आहेत. मीटरचा काटा एकसारखा चालण्याऐवजी उड्या मारत होता. पिंपात तेल पडत होतं ते पिवळट, फेसाळ. काटा दोनशे लिटरवर आला, झडप बंद झाली. पिंप काठोकाठ भरलेलं दिसत होतं.

"अहो, पंप हवा ओढतोय," मी म्हणालो.

"ओढतो की. सकाळचा रोजच ओढतो." बाईंनी पिंप ढकलून बाजूला केलं. झाकण लावलं नाही. "टाकीचा हीटर रात्रभर बंद असतो ना. गार तेल पंपाला ओढवत नाही, मग तो कुठून कुठून हवा खेचतो. अर्ध्या तासात फेस बसतो, आठ-दहा लिटर खाली जातं. तेवढं वर भरायचं, मग झाकण. चार पिंपं झाली की तेल गरम होतं. पुढे दिवसभर तुमचं मीटर अगदी सज्जन."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? लिहिलंय की." हात तेलाचे होते म्हणून त्यांनी कोपराने पंपामागची भिंत दाखवली.

दरवर्षी तपासणीला यायचो तो मीटरपुढूनच परतायचो; आज पहिल्यांदाच पंपाला वळसा घालून मागे गेलो. भिंतीला इतक्या वर्षांत तीन-चार वेळा तरी रंग दिला असेल, पण रंगाऱ्यांनी दरवेळी एक चौकोन तेवढा सोडला होता. त्यात निळ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं:

'सकाळची पहिली चार पिंपं लगेच बंद करू नयेत. फेस बसू द्यावा. मग पुरी भरावीत. नाहीतर दोष आपल्यावर येतो.'

अक्षर वाटोळं, ठळक. आधी सगळी अक्षरं लिहून मग अख्ख्या ओळीवर एकच लांब रेघ ओढलेली. असं लिहिणारा माणूस मला एकच माहीत होता. माझ्या लग्नाच्या दोनशे पत्रिकांवर पत्ते याच अक्षरात होते. दोन रात्री बसून भाऊजींनी ते लिहिले होते, आणि ताई शेजारी बसून पाकिटं चिकटवत होती.

"जुना कोणी ऑपरेटर होता म्हणे," बाई मागून म्हणाल्या. "त्याला तेलचोर म्हणून काढलं. शेवटच्या दिवशी हे लिहून गेला. मला नाही वाटत तो चोर असेल. चोर कशाला पुढच्याची काळजी करेल?"

बोलण्यासारखं होतं ते एकवीस वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं.

भाऊजींना इथे मीच चिकटवलं होतं. मीटर बसवायला आलो तेव्हा मॅनेजरची ओळख झाली, म्हटलं माझ्या बहिणीचे यजमान आहेत, हात स्वच्छ आहे. त्यांना पहिली पाळी मिळाली. वर्षभरात तक्रारी यायला लागल्या, पिंपात तेल कमी भरतं म्हणून. ज्या पिंपांची तक्रार यायची त्यांवर सही एकाच माणसाची असायची.

मॅनेजरने मला मीटर तपासायला बोलावलं. मी तीन वेळा आलो आणि तिन्ही वेळा भर दुपारी आलो. पिंप भरलं, काट्यावर चढवलं, वजन केलं. शेकडा पॉइंट एकचासुद्धा फरक नाही. दुसऱ्या खेपेला भाऊजी मला दारापाशी गाठून हळूच म्हणाले होते, "एकदा सकाळी ये रे. सहाला ये. माझ्यासमोर एक पिंप भर. बाकी काही म्हणत नाही मी."

मी गेलो नाही. स्वतःला कारण छान दिलं होतं. मेहुण्याच्या सांगण्यावरून आला, असं लोक म्हणतील. माझ्या तपासणीला मग काय किंमत राहील? खरं कारण याहून साधं होतं. पहाटे उठणं माझ्या जिवावर यायचं, आणि मीटर चुकेल असं मला स्वप्नातही वाटत नव्हतं. घड्याळात किती वाजलेत हे मीटरला कळत नाही, असं एक वाक्य मी तेव्हा ऐटीत सगळ्यांना ऐकवायचो.

मी कागदावर लिहून दिलं: मीटर बिनचूक. मॅनेजरने विचारलं, "मग तेल जातं कुठे?" मी म्हणालो, "ते माझ्या कामात येत नाही."

हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाईंची चार पिंपं झाली. मी मीटर काढायला बसलो. बोल्ट सोडता सोडता पंप आणि मीटर यांच्यामधल्या वीतभर जागेकडे नजर गेली. इथे एक भांडं हवं होतं. घट्ट तेलातली हवा मीटरच्या आधीच वर काढून टाकणारं, साधं लोखंडी भांडं. मीटरच्या पुस्तकात ते लिहिलं होतं. माझ्या नकाशातही ते होतं. पण ते बसवायचं तर भिंत फोडावी लागली असती, आठ दिवस जास्त गेले असते. दुपारी चाचणी घेतली, आकडे झकास आले, आणि मी ते भांडं लाल पेन्सिलीने खोडलं. मीटरची चाकं काय, तेलाने फिरतात तशी हवेनेही फिरतात. बिचारी इमानदारीत मोजत होती, फेसही तेल म्हणून मोजत होती.

मीटर मोकळं झालं. दोन लांबट दातेरी चाकं आत चकचकीत होती. झिजण्याचं नाव नाही.

"भंगारात टाकणार?" बाईंनी विचारलं.

"मला न्यायचंय. परवानगी घेतो." मग राहवेना म्हणून म्हणालो, "बाई, तो माणूस चोर नव्हता. चूक मीटर बसवणाऱ्याची होती."

"मग त्याला सांगितलं का कोणी?" त्यांनी सहज विचारलं, आणि त्या बादलीत काढून ठेवलेल्या तेलाने तिसरं पिंप वर भरायला वळल्या.

दुपारी भाऊजींकडे गेलो. कारखाना सुटल्यापासून ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं बाकडं आहे, त्यावर कायम कुणाचं तरी मशीन पोट उघडं टाकून पडलेलं असतं. ताई गेल्याला दोन वर्षं झाली. तिचा फोटो बाकड्यासमोरच्या भिंतीवर आहे, म्हणजे काम करताना मान वर केली की तीच दिसते.

"ये. आज वाट चुकलास?" ते म्हणाले. हातातल्या तेलाच्या कुपीने त्यांनी मशीनच्या भोकात मोजून दोन थेंब सोडले.

मी पिशवीतून मीटर काढून बाकड्यावर ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, आणि लगेच ओळखलं.

"काढलं होय हे?" त्यांनी एक चाक बोटाने फिरवलं. दुसरं त्याच्याबरोबर फिरलं. "किती हलकं फिरतंय अजून. चांगलं होतं रे मीटर."

"भाऊजी, आज सकाळी सहाला गेलो होतो."

त्यांचं बोट थांबलं.

"फेस बघितला. भिंतीवरचं वाचलं. ते हवेचं भांडं मी खोडलं होतं. चूक माझी होती, सगळी माझीच. तुम्ही सकाळी ये म्हणालात आणि मी..." अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दुसऱ्याच्या बाकड्यापाशी उभा राहून लहान मुलासारखा रडत होतो.

त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस. मला माहीत होतं ते. तेव्हाच माहीत होतं. पण फेसाचं उमजेपर्यंत कमी भरलेली पिंपं बाहेर गेली होती."

"मग ठणकावून का नाही सांगितलंत? भांडायचं होतं माझ्याशी!"

"कुणापुढे भांडू? त्यांच्या हातात तुझी सही होती." ते चाकाकडे बघत होते. "नोकरी गेली त्याचं काही नाही. आपली भूक काही मोठी नव्हती, मशिनींनी भागवली. पण हिने तुला विचारलं होतं."

विचारलं होतं. ताई भर दुपारी एकटीच माझ्या घरी आली होती, चपला हातात घेऊन उभी राहावी तशी अवघडून उभी. "खरं सांग, मीटर चुकतं का रे?" मी तिला बसवून कागदावर दोन चाकं काढून दाखवली. प्रत्येक फेरीला ठरलेलंच तेल पुढे जातं, ताई, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. चाकं खोटं बोलत नाहीत. मला वाटलं, किती सोपं करून समजावलं आपण! तिने तो कागद घडी करून नेला होता.

"तो कागद कपाटात सापडला मला, ती गेल्यावर," भाऊजी म्हणाले. "साडीच्या घडीत. तसा संसार नीट केला हं तिने. एका शब्दाने कधी बोलली नाही. फक्त घरात काही सापडेनासं झालं, कात्री म्हण, टॉर्च म्हण, की पहिल्यांदा माझ्याकडे बघायची. नुसतं बघायची. मग ती वस्तू सापडायची, आणि दोन दिवस मला गोडाचं करून घालायची."

बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं. भाऊजींनी चाक पुन्हा एकदा फिरवलं आणि हात पुसले.

"वीस वर्षं, रे. तू दोन वर्षं आधी आला असतास तरी चाललं असतं."

मी मान वर केली तर समोर ताईचा फोटो. तिथे बघून मी कसंबसं म्हणालो, "ताई, मीटर चुकलं होतं."

"मोठ्याने सांग," भाऊजी म्हणाले. "शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."

आधी वाटलं, चिडून बोलतायत. पण तसं नव्हतं. ते उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते, शर्टाचं वरचं बटण लावून.

मीही उठलो आणि मोठ्याने सांगितलं. मीटर चुकलं होतं, चूक माझी होती, भाऊजींनी तेलाच्या थेंबालाही हात लावला नव्हता. आवाज फारच चढला असावा, कारण शेजारच्या बाई आपलं मशीन झालं का बघायला आल्या होत्या त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"नंतर येते मी," त्या पुटपुटल्या.

"नाही नाही, या ना. आत या, बसा." भाऊजींनी बाकड्यावरच्या चिंध्या उचलून त्यांच्यासाठी जागा केली. "हा माझा मेहुणा. हिचा भाऊ." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांग रे परत एकदा. पहिल्यापासून सांग."