हिरवी पट्टी

ब्रॅडी लोमॅक्सची मला पहिल्यापासूनच शिसारी होती, हे आधीच सांगून टाकते. धंद्याने तो दातांचा डॉक्टर. आमच्या विस्कॉन्सिनमधल्या छोट्या ट्रॅकवर निळी गाडी पळवायला यायचा, आणि फेऱ्या संपल्या की आधी काचेला चिकटवलेला फोन काढायचा. पाण्याचा घोट नाही, बायकोकडे बघणं नाही. फोन! त्यात गाडीचा वेग, ब्रेक, फेरीची वेळ, सगळं समोरच्या रस्त्याच्या चित्रासकट नोंदलं जातं. वर एक पट्टी असते. स्वतःच्या आजवरच्या चांगल्या फेरीपेक्षा पुढे असलात की हिरवी, जितके पुढे तितकी लांब; मागे पडलात की लाल. हल्ली ही मंडळी रस्ता बघत नाहीत, पट्टी बघतात.

मी आर्लिस कुबियाक, तिथे झेंडे दाखवते. पाचव्या वळणावर माझा जोडीदार ऑर्वल टेश. झेंडेवाल्यांची एक रीत आहे. दोघांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं, एकाचं तोंड येणाऱ्या गाड्यांकडे, दुसऱ्याचं गेलेल्यांकडे. पुढे काही झालं की मी धावायचं आणि ऑर्वलने मागच्यांना झेंडा दाखवायचा. इतकी वर्षं मी ऑर्वलच्या भरवशावर सुसाट गाड्यांकडे पाठ करून उभी राहिले. नवऱ्यावरही मी एवढा भरवसा टाकला नाही, आणि नाही टाकला तेच बरं झालं.

त्या शनिवारी सकाळी एक छोटी लाल गाडी आमच्या वळणावर गरगरली आणि ट्रॅकच्या कडेला आडवी होऊन थांबली. बॉनेटखालून धूर यायला लागला. आतली बाई सीटच्या पट्ट्याशी झटत होती, तो काही सुटेना. मी आग विझवायची बाटली उचलून धावले.

"जा तू, मी आहे!" मागून ऑर्वल ओरडला.

पिवळा झेंडा हलला की वेग कमी करायचा, हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. मी त्या बाईला बाहेर ओढते आहे तोच निळी गाडी माझ्या पाठीला चाटून गेली. माझी टोपी उडाली, मांडीवर खडी बसली. बाई सुखरूप होती. मी मात्र गवतात बसले आणि सकाळची न्याहारी तिथेच ओकले.

लोमॅक्सला जेवणाच्या तंबूत बोलावलं तर तो तोंड वर करून म्हणाला, "झेंडा नव्हताच."

"नव्हता?" ऑर्वल म्हणाला. "अरे, माझे खांदे भरून आलेत हलवून हलवून."

"आजोबा, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना नुकतंच? मी दोष नाही देत. वय कुणाला चुकलंय?"

चोराच्या उलट्या बोंबा! आणि हे तो मायेने बोलत होता, पेशंटला भूल देताना बोलतात तसं.

ट्रॅकचा प्रमुख गॉर्डी नेल्स माझ्याकडे वळला. "आर्लिस, तू झेंडा पाहिलास?"

"माझी पाठ होती, गॉर्डी."

"म्हणजे नाही पाहिलास."

"तो हलवतोय म्हणूनच मी पाठ केली ना!"

"पाहिलास की नाही, एवढंच सांग."

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं, पण ऑर्वल समोर उभा होता आणि त्याला खोटं खपत नाही.

गॉर्डीने हात पुढे केला. "ऑर्वल, जॅकेट दे. पुढच्या मोसमातही नको येऊस. कुणीतरी मरायचं एखाद दिवस."

ऑर्वलने झेंडेवाल्यांचं ते नारिंगी जॅकेट काढलं, नीट घडी घालून दिलं. मग तंबूच्या दोरीला धरून मला म्हणाला, "लोक म्हणणार, याने जोडीदाराला मरायला सोडलं. तू तसं म्हणणार नाहीस ना, आर्लिस?"

"वेडा आहेस का!" मी म्हणाले. पण लोक म्हणणारच होते. सॉसेजच्या रांगेत कुजबुज सुरूही झाली होती.

जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे एक सोहळा असतो. सकाळची सर्वात वेगवान फेरी तंबूतल्या मोठ्या पडद्यावर दाखवायची, आणि त्या माणसाचं नाव फळ्यावर लिहायचं. ते नाव मग मोसमभर राहतं. त्या दिवशी नाव लोमॅक्सचं होतं. त्याने ऐटीत फोन पडद्याला जोडला.

पहिलं वळण, दुसरं, तिसरं. पट्टी हिरवीगार. "वा, डॉक्टर!" कुणीतरी ओरडलं. पाचवं वळण आलं आणि डाव्या कोपऱ्यात ऑर्वल दिसला. दोन्ही हातांनी झेंडा हलवत होता, अक्षरशः उड्या मारत होता. वेगाचा आकडा एका अंकानेही खाली आला नाही. मग लाल गाडी आली. तिच्याशेजारी एक नारिंगी ठिपका वाकलेला होता. तो ठिपका म्हणजे मी. माझ्या डोक्यावरून हिरवी पट्टी आणखी लांब झाली.

आणि तंबूत टाळ्या पडल्या. सगळे पट्टीच बघत होते.

"पुन्हा लाव," मी म्हणाले.

"आवडली?" लोमॅक्स हसला.

"पाचवं वळण लाव. आणि डावीकडे बघा रे सगळे."

त्याने लावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. या वेळी सगळ्यांना ऑर्वल दिसला. लोमॅक्स पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, हा होता की तिथे." तेव्हा मला कळलं की हा खोटं बोलत नव्हता. याने खरंच पाहिलं नव्हतं, ना झेंडा, ना मला. माझी किळस त्यामुळे कमी झाली नाही, दुप्पट झाली.

गॉर्डीने मान खाली घालून ऑर्वलला जॅकेट परत दिलं. लोमॅक्सला म्हणाला, "डॉक्टर, मोसमभर तुम्हाला बंदी."

"मान्य," लोमॅक्स म्हणाला. "चूक झाली. फक्त फळ्यावरची फेरी राहू दे. फेरी तर खरी आहे ना?"

मला वाटलं, आता गॉर्डी याला बाहेर काढतो. गॉर्डी फळ्याकडे बघत हनुवटी खाजवायला लागला.

"फेरी आहे मात्र सुरेख," मागून कुणीतरी म्हणालं.

ऑर्वलचा एक हात बाहीत गेला होता. तो त्याने परत बाहेर काढला आणि जॅकेट गॉर्डीच्या हातात ठेवलं. मी माझं काढून त्यावर टाकलं. मग तिसऱ्या वळणाच्या लुआनने टाकलं, मग तिच्या जोडीदाराने. झेंडेवाल्यांशिवाय ट्रॅकवर एक गाडी सोडता येत नाही, आणि बाहेर दुपारच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या.

गॉर्डीने घड्याळ पाहिलं. मग बाहीने फळा पुसला.

ऑर्वलने जॅकेट घातलं, मीही घातलं. वळणाकडे जाताना तो म्हणाला, "पुसलं बाबा एकदाचं."

पण पुसण्याआधी गॉर्डीने घड्याळाकडे पाहिलं, ऑर्वलकडे नाही, ते मी पाहिलं होतं.