कोरा रोल

लग्नाचे फोटो ताई फिल्मवरच काढायच्या. हौशी जोडपी त्यासाठीच त्यांना शोधत येत. एका रोलवर छत्तीस फोटो, आणि रोल धुऊन होईपर्यंत काय आलंय ते कुणालाच कळत नाही, हे त्या आधीच सांगून मोकळ्या होत.

त्या मंगळवारी नोंदणी कार्यालयात लग्न होतं. नवरी शाळेत शिकवायची, नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं हे दुसरं लग्न, म्हणून नवरीच्या वडिलांनी ‘मी येणार नाही’ असं सांगून टाकलं होतं. पण सह्या चालू असताना ते दारात येऊन उभे राहिले. दहा मिनिटांनी पुढे आले, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुणाशी अवाक्षरही न बोलता निघून गेले. ताईंनी त्यांचे सात-आठ फोटो घेतले.

दोन दिवसांनी तो रोल धुतला, तर पट्टी आरपार कोरी. फिल्मचं टोक कॅमेऱ्यातल्या फिरकीत अडकलंच नव्हतं. कॅमेऱ्यावरचा फोटोंचा आकडा छत्तीसपर्यंत पळत राहिला, फिल्म जागची हलली नाही. बाकीचे रोल ठीक होते.

असली गोष्ट फोनवर सांगणं ताईंना पटेना. त्या जोडप्याच्या घरी गेल्या.

“तुमचे वडील ज्या रोलवर होते, तो कोरा निघाला,” त्या म्हणाल्या. “चूक माझी आहे.”

“एकही फोटो नाही?” नवरीने विचारलं.

“एकही नाही.”

नवऱ्याने पाणी आणून ठेवलं आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

“बाबांना पुन्हा बोलावते,” नवरी म्हणाली. “फार तर नाही म्हणतील.”

ते नाही म्हणाले नाहीत. शनिवारी तिघेही ताईंच्या स्टुडिओत आले. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी तो कॅमेरा मागितला, झाकण उघडलं आणि डोळ्याला भिंग लावलं.

“फिरकीची खाच झिजलीय. टोक निसटणारच.”

“मी तपासायला हवं होतं,” ताई म्हणाल्या.

“ते तर आहेच.”

त्यांनी खिशातून हत्यारांची पिशवी काढली आणि टेबलाशी बसले. आत नीट दिसेना. नवऱ्याने आपल्या बॅगेतली बॅटरी काढली आणि उजेड धरला.

“जरा डावीकडे,” वडील म्हणाले. जावयाशी ते बोललेले हे पहिले शब्द.

पाऊण तास काम चाललं.

“हात स्थिर आहे तुझा.”

“लिफ्टच्या कामात ठेवावाच लागतो.”

“पडलास तर?”

“अजून तरी नाही पडलो.”

नवरी तोंड फिरवून हसली.

मग ताईंनी, पुन्हा धोका नको म्हणून, दुसऱ्या कॅमेऱ्यात रोल भरला, फिरकी दोनदा तपासली आणि तिघांचे बारा फोटो काढले. सगळ्यांत वडील ताठ, पोलिसांनी उभं केल्यासारखे. त्यातल्या त्यात बऱ्या फोटोत नवऱ्याचे डोळे मिटलेले. नवरीने तोच मोठा करून घेतला.

वडील अजूनही मुलीच्या घरी जात नाहीत. पण रविवारी जावई दुकानात जातो, भिंतीवरची जड घड्याळं उतरवून देतो, आणि दोघं तिथेच चहा पितात.