पाचवी खुंटी

शिकवणाऱ्या मुलीने बँजोच्या दांड्यावरून अंगठा वरून खाली फिरवला, मग खालून वर नेला, आणि विचारलं,

"काका, पाचवी तार कुठंय?"

सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची ती लहानशी खोली होती. मिस्त्री ज्या स्टुलावर बसले होते त्याचा एक पाय सूतभर आखूड होता, हे त्यांना बसल्या बसल्या कळलं होतं आणि तेव्हापासून त्यांचं अर्धं लक्ष त्या पायातच होतं. ते म्हणाले की तारा चारच आहेत, वर खुंट्या चार आहेत, मोजून घ्या. मुलगी म्हणाली, चार तारांचेही बँजो असतात, पण तुम्हाला तर वरून खाली, नखाने मारायची पद्धत शिकायचीय ना? त्या पद्धतीत अंगठ्याला स्वतःची एक तार लागते. तिच्यावाचून ती पद्धत नाहीच. मग तिने भिंतीवरचा आपला बँजो काढून त्यांच्यापुढे धरला. वरच्या चार खुंट्यांपासून बरीच खाली, दांड्याच्या कडेला, एक खुंटी एकटीच बाहेर आली होती. तिच्यापासून एक आखूड तार निघाली होती.

ती खुंटी मिस्त्रींच्या ओळखीची होती. अशीच एक खुंटी त्यांनी चौतीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने उपटून टाकली होती.

मिस्त्रींनी आणलेला बँजो त्यांच्या बायकोचा, म्हणजे माहेराहून आलेला. जन्मभर इस्पितळात नोकरी केल्यामुळे तिला सगळी आळी सिस्टर म्हणत असे, आणि पुढेपुढे मिस्त्रीही म्हणायला लागले. तरुणपणी मिस्त्री सिस्टरच्या वडिलांच्या घरी एक दरवाजा बसवायला गेले होते. सिस्टर पायरीवर बसून बँजो वाजवत होत्या. बोटांनी तार वर ओढायची नाही, मूठ अर्धवट मिटून नखाने वरून खाली ठोका द्यायचा, असं ते वाजवणं होतं. अर्ध्या दिवसाचा दरवाजा मिस्त्रींनी तीन दिवस पुरवला. चौथ्या दिवशी काही कारण उरलं नाही, तेव्हा लग्नाचं विचारलं.

लग्नानंतर दोन महिन्यांनी सिस्टर आठ दिवस माहेरी गेल्या. मिस्त्रींनी बँजो हातात घेतला आणि त्यांना ती कडेची खुंटी खटकली. कडेला काही बाहेर आलेलं दिसलं की ते काम कुण्या अडाण्याने केलं असणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. वरची जागा तुटली असेल, म्हणून कुणीतरी मधेच भोक पाडून वेळ मारून नेली असेल. त्यांनी खुंटी काढली, आखूड तार काढली, भोकात त्याच जातीच्या लाकडाची मेख बसवली, रेषेला रेष जुळवली, घासलं, पॉलिश केलं. सिस्टर परत आल्या तेव्हा मिस्त्रींनी शेजारपाजारच्यांना गोळा करून भोक कुठे होतं ते ओळखा म्हणून पैज लावली होती. कुणालाच ओळखता आलं नाही. सिस्टरनी दांड्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

"छान झालंय. कळतसुद्धा नाही."

त्यानंतर तो बँजो भिंतीवर गेला तो गेलाच. लग्नानंतर हिचा नाद सुटला, असं मिस्त्री लोकांना सांगत आले होते. कधी थट्टेने, कधी थोड्या तक्रारीने. आता त्या डुगडुगत्या स्टुलावर त्यांना ते सगळं आठवलं, आणि इतकी लाज वाटली की मुलीने पाणी हवं का असं विचारलं.

शिकायला येण्याचं कारणही साधंच होतं. दोन महिन्यांनी घर बदलायचं होतं, लेकीच्या जवळ, दोन खोल्यांत. लेकीने न्यायच्या आणि द्यायच्या वस्तूंची यादी केली. बँजो द्यायच्या बाजूला गेला आणि सिस्टरनी होकारार्थी मान डोलावली. मिस्त्री एकदम अडून बसले. वाजवणार कोण, असं लेकीने विचारलं, तर ते म्हणाले, मी. लेक पोट धरून हसली. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी फक्त अट घातली: हलायच्या आधी एक अख्खी धून वाजवली तर बँजो बरोबर येईल, नाहीतर जाईल. तेव्हा तो मिस्त्रींच्या हट्टाचा प्रश्न होता. आता तो देण्याचा प्रश्न झाला. जे काढून घेतलं होतं ते परत द्यायचं, आणि तेही वाजतं करून.

"मी शिकणार," ते मुलीला म्हणाले. "आधी तुमच्या बँजोवर. माझा मी दुरुस्त करतो."

मुलीने आपला जुना बँजो त्यांना घरी न्यायला दिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख वाढवा, कामाचं व्हायला सहा आठवडे तरी लागतील. आणि मुठीत चिमणीचं पिल्लू आहे असं समजा, आवळू नका.

मिस्त्रींना आवळायची सवय होती. पटाशी, हातोडी, रंधा, सगळं आवळूनच धरायचं असतं. पहिले दहा दिवस त्यांचा ठोका तारेवर पडायचा तो खिळ्यावर पडल्यासारखा. चाल अशी होती: नखाने एका तारेवर ठोका, मग खाली सगळ्या तारांवरून झणकार, आणि झणकार विरायच्या आत पाचव्या तारेवर टेकलेला अंगठा उचलायचा. टक, झण, टिंग. त्यांचं व्हायचं टक, झण, आणि मग काहीच नाही. अंगठा हवेत कुठेतरी पाहुण्यासारखा अवघडून उभा राहायचा.

पाच तारांचा बँजो घरी आला त्या दिवशी सिस्टर कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"हा पाच तारांचा दिसतोय," त्या म्हणाल्या.

"हो. शिकवणीतला आहे."

"बरं."

आणि त्या पुन्हा कॉलरकडे वळल्या. बरं या शब्दात किती काय मावतं याचा मिस्त्रींनी दोन दिवस विचार केला. हिला माहीत असणार. नसेलच असं कसं? पण मग चौतीस वर्षांत एकदाही कसं बोलली नाही? विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. बँजो दुरुस्त होऊन वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. कामाआधी बोलणारे कारागीर त्यांना कधीच आवडले नव्हते.

रोज सकाळी चहा झाला की तासभर आणि दुपारी तासभर ते बसत. नख तिसऱ्या आठवड्यात मोडलं, कपाट हलवताना. त्यांनी जे उरलं होतं त्याला पॉलिशचे दोन हात दिले, सर्वांत बारीक काचकागदाने घासून गोल केलं, आणि कपाटं हलवायला हमाल लावले. काचकागदाची पट्टी आपण एवढी कधी वापरली असं एकदा त्यांच्या मनात आलं, पण घर हलवण्याच्या पसाऱ्यात कशाचाच थांग लागत नव्हता.

एका सकाळी ते टक, झण करत होते आणि पुढचं राहत होतं. आतून, भांड्यांच्या आवाजातून, सिस्टर म्हणाल्या,

"अंगठा."

एवढंच. मिस्त्रींनी अंगठा आधी टेकवला आणि मग ठोका दिला. टक, झण, टिंग. त्यांनी आत पाहिलं. सिस्टर पाठमोऱ्या होत्या, बश्या कागदात गुंडाळत होत्या. त्यानंतर रोज एकदा तरी आतून तो शब्द यायचा, कधी वैतागून, कधी सवयीने. आणि हळूहळू तो यायचा कमी झाला.

पाचव्या आठवड्यात सिस्टर आणि लेक नव्या घराच्या पडद्यांची मापं घ्यायला गेल्या. मिस्त्रींनी सिस्टरचा बँजो मागच्या कामाच्या खोलीत नेला आणि दांडा खिडकीच्या उजेडात धरला. आपली मेख त्यांनाच सापडेना. बोट फिरवलं, नख फिरवलं, चष्मा बदलून पाहिलं. एके काळी याचाच केवढा तोरा होता. शेवटी शिकवणीतल्या बँजोवरून पट्टीने माप घेतलं आणि त्या जागी पेन्सिलीने टिंब केलं. मग गिरमिट लावलं. पहिला भुसा फिकट निघाला, तसं त्यांनी गिरमिट थांबवलं, आपण चांगलं लाकूड तर नाही ना फोडत? दोन फेऱ्यांनंतर भुशात तेव्हाच्या सरसाचे लालसर कण येऊ लागले. ती त्यांची मेख होती. त्यांनी ती कणाकणाने बाहेर काढली. आयुष्यात स्वतःचं काम त्यांनी पहिल्यांदाच मोडलं, आणि तेही तितक्याच काळजीने.

जुनी खुंटी तर तेव्हाच फेकून दिली होती. मुलीने आणून दिलेली नवी पांढरीशुभ्र होती. बाकीच्या चार पिवळ्या पडल्या होत्या. ती लपवायचा मिस्त्रींनी प्रयत्न केला नाही. दिसू दे, म्हणाले.

घर हलायला तीन दिवस राहिले होते. दिवाणखान्यात खोकी रचली होती आणि बसायला दोनच खुर्च्या उरल्या होत्या. दुपारच्या चहानंतर मिस्त्री सिस्टरचा बँजो घेऊन आले आणि काही न बोलता वाजवायला बसले. धून साधी, मुलांना शिकवतात तशी. मधे एका जागी बोट घसरलं. ते थांबले, घाम पुसला नाही, मागून चार ठोके पुन्हा धरले आणि शेवटपर्यंत गेले. शेवटी अंगठा उचलला. आखूड तारेचा आवाज खोलीत बराच वेळ राहिला.

सिस्टर दारात उभ्या होत्या.

"झाली की अख्खी," त्या म्हणाल्या. "न्यायचा मग."

मिस्त्रींनी बँजो मांडीवर आडवा ठेवला. बोलायचं ठरवून ठेवलेलं सगळं विसरलं होतं.

"खुंटी मी काढली होती," ते म्हणाले. "मला कळलं नव्हतं."

"मला माहीत आहे ते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

सिस्टर दुसऱ्या खुर्चीवर बसल्या.

"आठ दिवस खपला होतात. लोकांना बोलावून दाखवत होतात. म्हटलं, चार दिवसांनी सांगू. मग चार महिने झाले. मग आपली लेक पोटात होती, मग रात्रपाळ्या. मग सांगण्यात काय राहिलं?"

"राग आला होता?"

"आला होता ना. खूप आला होता," त्या म्हणाल्या. "पुष्कळ वर्षं होता."

मिस्त्रींनी मान खाली घातली. चुकलं माझं, असं ते म्हणाले, अगदी हळू, पण म्हणाले. सिस्टरनी ते ऐकलं आणि पांढऱ्या खुंटीकडे बोट दाखवलं. ही तार सुरातून उतरलीय, त्या म्हणाल्या, नव्या तारा पहिले काही दिवस उतरतातच. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"आणा इकडे."

मिस्त्रींनी बँजो दिला. सिस्टरनी खुंटी थोडी पिळली, कान लावला, आणखी थोडी पिळली आणि उजवी मूठ अर्धवट मिटून तारांवर आणली. त्या हाताकडे मिस्त्री पाहत राहिले. इस्पितळात लागलेल्या शिस्तीने दर रविवारी सिस्टर नखं अगदी मुळापासून कापत, निवृत्त झाल्यावरही कधी चुकल्या नव्हत्या. आताही कापलेलीच होती. फक्त पहिल्या बोटाचं नख वाढलेलं होतं, चांगलं पाचसहा आठवड्यांचं, आणि बारीक काचकागदाने घासून गोल केलेलं.