माळ्यावरची तेलुगू रिळं

मित्रांनो, नाक मुरडू नका. हा आंबूस वास माझाच आहे. मी एक जुना तेलुगू सिनेमा. लासुर्ण्यात रामहरीच्या घरी, माळ्यावर, गंजक्या डब्यांत गुंडाळून पडलोय.

जन्म माझा हैदराबादचा. लग्नाच्या बँडमधला ढोलवाला नवरीच्या बहिणीवर भाळतो आणि गाण्याचा मास्तर म्हणून तिच्या घरात घुसतो, अशी माझी गोष्ट. मास्तरांना सूर कशाशी खातात तेही ठाऊक नाही! लोक पोट धरून हसायचे. मीही भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू? मग नवे सिनेमे आले आणि मी सोलापुरात मोडीच्या भावानं विकला गेलो.

तिथून मला मानसिंगरावांनी उचललं. इंदापूर-बारामतीकडच्या जत्रांत त्यांचा तंबूचा सिनेमा लागायचा. रामहरी त्यांचा मशीनवाला. तो म्हणाला, "मालक, ह्याची भाषा कुणाला कळायची?"

"तुजी बायकू हाय की!"

रामहरीची बायको राजेश्वरी सोलापूरच्या तेलुगू विणकरांच्या घरातली. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि माहेर कायमचं तुटलं. सासरी सासूबाईंनी, पुतळाबाईंनी, आल्या आल्या बजावलं, "हितं मराठीच बोलायचं. नातवंडांच्या तोंडात तसली बोली नगं मला." आईपुढं ब्र काढायची रामहरीची टाप नव्हती. पुढं आई गेली, तरी त्यानं बायकोची बोली शिकून घेतली नाही.

त्यामुळं तेलुगू तिच्या कानावर पडायचं ते माझ्याकडूनच. तंबूत मशीनशेजारी ती माइक घेऊन बसायची आणि माझं बोलणं गावाला समजावून सांगायची. काटेवाडीत तर तिनं धमाल उडवली. "ह्यो म्हणतुया, तुज्यासंगं लगीन न्हाय झालं तर ढोलासकट हिरीत उडी घीन! आन् ती म्हणती, घे की, पर ढोल वर ठेव, भाड्याचा हाय!" असलं काही माझ्यात नव्हतंच हो! पण शिट्ट्या अशा पडल्या की मीच खूश झालो.

पुढं जादा खेळ बसावा म्हणून मानसिंगरावांनी माझी गाणी कापायला लावली. गाण्यांच्या सिनेमातून गाणीच काढली, म्हणजे पुरणपोळीतलं पुरण काढल्यासारखं झालं. राजेश्वरी फुरंगटली. मग रीळ बदलताना खेळ थांबायचा, तेवढ्या वेळात ती गाणी स्वतःच म्हणू लागली. लोक रीळ संपायची वाट बघायचे. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मोबाइल आले, तंबू मिटला, मशीन भंगारात गेलं. मला तेवढं रामहरीनं फेकलं नाही.

आता राजेश्वरीला विसरायचा आजार झालाय. आधी भाजीत मीठ घालायचं विसरली, मग मुलाचं नाव विसरली, आणि हळूहळू सगळी मराठीच पुसली गेली. उरलं ते लहानपणचं तेलुगू. मुलगा दीपक तिच्या तोंडाशी फोन धरून अर्थ विचारतो. तिचं बोबडं, तुटकं बोलणं फोनलाही उमगत नाही. सोलापूरचं माहेरचं कुणी आता ओळख देत नाही.

परवा तिन्हीसांजेला ती ओसरीवर बसून विचारत होती, "मा आयन इंका रालेदा?" आमचे हे अजून आले नाहीत का? समोर बसलेला पांढऱ्या केसांचा म्हातारा तिला परका वाटतो. घरात हे कळतं फक्त मला. रामहरीला माझ्यातलं एकच वाक्य पाठ होतं, नायकाचं. तिला बरं वाटावं म्हणून बिचाऱ्यानं लाडानं म्हटलं, "नुव्वु नव्विते चालु." तू हसलीस की पुरे.

परक्या पुरुषानं असं म्हणावं? ती दचकली. पदर गच्च ओढून भिंतीला चिकटली आणि रडायला लागली.

"अगं मी हाय गं, रामहरी! राजेश्वरी, काय चुकलं माजं?"

मराठी तिला कळेना. तोही रडला. मला वरून बघवेना.

दुसऱ्याच दिवशी दीपक मला पुण्याला घेऊन गेला. माझा आवाज मिळाला तर आई ऐकेल, शांत होईल, एवढीच त्याची आशा. तिथं जुनी रिळं दुरुस्त करणाऱ्या माणसानं माझा डबा उघडला आणि नकारार्थी मान हलवली. मी आतल्या आत चिकटून दगड झालोय. आता माझ्यातून काही निघायचं नाही.

मित्रांनो, तुमची आई, आजी, मामी दुसऱ्या बोलीतून आली असेल, तर ती बोली तिच्याकडून आजच शिकून घ्या. निदान भूक, तहान आणि 'मी आहे' एवढं तरी शिका. पुढं बघू म्हणाल, तर शिकवणारं माणूस राहत नाही. रामहरीवर मला राग आहे आणि त्याची दयाही येते.

आत्ता खाली ती पुन्हा विचारतेय, आमचे हे अजून आले नाहीत का? रामहरी म्हणतोय, "च्या पायजे व्हय? थांब, ठेवतो." तो चुलीकडं गेलाय आणि ती दाराकडं बघत बसलीय. तिला एकच शब्द हवाय. 'वस्तुन्नारु'. येताहेत. माझ्यात तो कितीदा तरी आहे.