न्हाणीमागचा पांगारा

आमच्याकडं लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ उंबराची लागते. माझ्या पोराच्या, अंगदच्या लग्नात माझ्या दिराला उंबर सापडलं नाही, का त्यानं हुडकलंच नाही, ते त्यालाच ठाऊक. डोंगरातून पांगाऱ्याची जाड फांदी तोडून आणली आणि मला म्हणाला, "वहिनी, लाकूड ते लाकूड."

म्हणलं, "व्हय, तुमच्याकडं बघितलं की पटतंय."

अंगणातल्या न्हाणीच्या मागं ती फांदी रोवली. लग्न झालं, मांडव निघाला, आणि मेढ उपटायला गेलो तर तिला कोंब फुटलेले. कोंब फुटलेली मेढ उपटायची नसते. मग घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं, धुण्याचं पाणी तिच्याच बुडाशी जायला लागलं. सून योगिता वरून रोज एक हंडा वेगळा ओतायची. तिच्या लग्नाची मेढ ती, तिचा जीव तिथंच अडकलेला.

झाड वाढलं ते बघत राहावं असं. उन्हाळ्यात सगळा डोंगर बोडका आणि आमच्या दारात हिरवीगार सावली. केजच्या बाजाराहून येणारी माणसं जीपमधनं वाकून बघायची. मी मिरवायची, का मिरवू नये? एकट्या माझ्या जावेला, छबुबाईला, ते बघवायचं नाही.

"आक्का, डोंगरातले पांगारे शिमग्याला फुलत्यात. तुमच्याला एक फूल न्हाई."

"त्यांला खायला न्हाई म्हणून ते पानं गाळत्यात. आमच्याला काय कमी हाय?"

ती नाक मुरडून घराकडं वळली. पण योगिताच्या मनातून ते गेलं नाही. "आत्या, माझ्या मेढीला फूल कावून येत न्हाई?" असं अधनंमधनं विचारायची. मी आपलं सावलीवर भागवायची.

गेल्या साली अंगदनं जुनी न्हाणी पाडली. घराच्या पलीकडच्या अंगाला फरशीची मोरी बांधली, पाणी पाइपानं थेट नालीत. बोअरही आटली, त्यामुळं योगिताचा हंडा बंद झाला. दिवाळी सरली तशी पांगाऱ्याची पानं पिवळी पडायला लागली. संक्रांतीला झाडावर एक पान राहिलं नाही. नुसत्या काटेरी राखाडी फांद्या, हाडं उभी केल्यासारखी. वाणवसा द्यायला आलेल्या बाया योगिताच्या तोंडावर बोलल्या, मांडवाची मेढ वाळणं चांगलं नसतं म्हणून. मी त्यांना चहासुद्धा दिला नाही.

अंगदला मात्र बरंच झालं. त्याला पिकअपसाठी तिथं पत्र्याचं शेड करायचं होतं. लाकूड तोडणाऱ्या सटवाला त्यानं बोलावलंसुद्धा. योगिता चुलीपाशी येऊन मला म्हणाली, "आत्या, ते माझं ऐकत न्हाईत. तुमी न्हाई म्हणलात तरच राहील ते."

मी झाडापाशी गेले. सटवानं कुऱ्हाडीच्या टोकानं साल खरवडली. "मनकर्णाकाकू, आत हिरवं हाय. जगंल का ते मला न्हाई सांगता येत."

अंगद म्हणाला, "हिरवं असू दे, न्हाईतर निळं. मला जागा पाहिजे."

"शिमगा होऊ दे. तवर तुझी गाडी उन्हात उभी राहिली तर काळी पडत न्हाई."

"आन शिमग्याला काय व्हनार हाय?"

"काय न्हाई झालं तर पहिला घाव मी घालीन."

बोलून तर बसले, तेही सटवासमोर. आता शब्द फिरवता येणार नव्हता. दुसऱ्या दिवशी शेळ्यांबरोबर मीच डोंगरावर गेले. वर नुसता मुरूम आणि खडक, माती मुठीत धरायला नाही. तिथल्या भेगांत पांगारे उभे होते, आमच्या झाडासारखेच बोडके. पण मी फांदी वाकवून जवळून बघितली. प्रत्येक टोकाला मखमली, काळपट कळ्यांचा झुबका, टोकदार, एकाला एक चिकटलेला. मी तिथंच दगडावर बसले. यांच्या बुडाशी कोण हंडे ओततंय? पाणी तुटतं, पानं गळतात, मगच हे फुलायला बसतं. आम्ही त्याला इतकी वर्षं बसूच दिलं नव्हतं.

खाली आले तर योगिता हंडा कंबरेवर घेऊन झाडाकडं निघालेली. टँकरचं, पिण्याचं पाणी. मी हंडा धरला.

"ओतायचं न्हाई."

तिचे डोळे भरले. "आत्या, तुमालाबी तोडायचंच हाय का?"

"टोकाला बघ."

"कायबी न्हाई तिथं."

खरंच काही नव्हतं. डोंगरावर होतं ते मी सांगितलं, पण तिनं हंडा सोडला तो माझ्या धाकानं, पटलं म्हणून नव्हे. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीही रोज उठून फांद्या बघायची आणि मनातल्या मनात घाबरायची. माझं चुकलं असतं तर त्या पोरीला मी काय तोंड दाखवलं असतं?

शिमगा पंधरा दिवसांवर आला तेव्हा टोकं काळपट दिसायला लागली. मग शिमग्याच्या तोंडावर एका सकाळी मी दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले.

पान एक नाही आणि सगळं झाड लाल. कुंकू फिकं पडावं असं लाल. फांदीफांदीवर वाघनखांसारखी वाकडी फुलं, आणि त्यांत साळुंक्या, कावळे, कोतवाल, इवले इवले शिंजीर, चोची बुडवून सगळे एकदमच बोलत होते. आमच्या वस्तीवर इतकी पाखरं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. खडकात उभं राहून, उपाशी राहून, हे झाड आतल्या आत एवढं साठवत असतं.

अंगद दात घासत बाहेर आला. ब्रश तसाच तोंडात राहिला. मग चूळ भरून म्हणाला, "आई, शेड गोठ्याच्या अंगाला केलं तर?"

"कर की," मी म्हणलं.

योगिता झाडू घेऊन अंगणात आली होती. खाली सगळा लाल सडा. तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आत चहा उतू जात होता, वास येत होता. दोघींपैकी कुणी आत गेलं नाही.