पडद्याआडची पंगत

महेंद्रने पांढऱ्या चादरीचे एक टोक मांडवाच्या खांबाला बांधले आणि दुसरे टोक घेऊन तो समोरच्या खांबाकडे गेला. मागे वळून पाहतो तो पहिली गाठ सुटलेली. खांबापाशी त्याचे वडील भीमराज उभे होते. सोडलेली दोरी ते सावकाश बोटांभोवती गुंडाळीत होते.

"बाबा, अहो, आत्ताच बांधली होती!"

"पडदा नको."

"तासाभरात लग्न लागेल. नवरदेवाचे मामा आणि त्यांची मंडळी सरळ इकडेच येतील."

"येऊ देत. सगळ्यांबरोबर बसतील."

महेंद्रने चादर खाली पडू दिली नाही. ती दोन्ही हातांनी छातीशी धरून तो उभा राहिला. त्याच्या पाठीशी, मांडवाच्या कोपऱ्यात, तीन टेबले जोडून ठेवलेली होती. त्यांवर कडक इस्त्रीचे कापड होते, भाड्याने आणलेल्या चिनी मातीच्या बशा होत्या, आणि प्रत्येक बशीत त्याने स्वतःच्या हाताने पंख्यासारखा दुमडलेला रुमाल होता. उरलेल्या मांडवात जाजमाच्या लांबच लांब पट्ट्या अंथरल्या होत्या. तिथे बुंदी, पुरी, वांग्याची भाजी आणि वरण-भात. इथे आधी सूप, मग एकेक पदार्थ, शेवटी कस्टर्ड. भिंगारच्या त्या वस्तीत अशी व्यवस्था कुणी पाहिली नव्हती.

महेंद्र चार वर्षे प्रवासी बोटीवर होता आणि गेल्या वर्षापासून बोटीवरच्या खास उपाहारगृहात वाढपी होता. सुट्टी मागून घेऊन तो बहिणीच्या लग्नाला आला होता.

"एक सांग," भीमराज म्हणाले. छावणीतल्या कचेरीत तीस वर्षे काढलेला हा माणूस वाद घालतानाही आवाज चढवीत नसे. "बोटीच्या तिकिटात जेवण असतं ना?"

"असतं."

"पोटभर?"

"रात्री-अपरात्री मागा, मिळतं."

"मग तुझ्या त्या खोलीत लोक वर पैसे कशाचे देतात?"

महेंद्रला हा प्रश्न नवा नव्हता. बोटीवर चढलेला प्रत्येक नवा माणूस तो विचारीत असे.

"खाली मोठ्या हॉलमध्ये हजार माणसं एका वेळी जेवतात, बाबा. आमच्याकडे पंधरा टेबलं. दाराशी नाव विचारतात, खुर्ची मागे ओढून बसवतात. माणशी दहा डॉलर वर द्यावे लागतात, तरी आठवडाभर आधी जागा भरते."

"मांस वेगळं असतं?"

"थोडं बरं असतं. बाकी कोठी एकच."

"म्हणजे पैसे अन्नाचे नव्हेत. वेगळं बसण्याचे."

"तसं म्हणा. पण त्यात वाईट काय? माणसाला वाटतं, आपल्यासाठी कुणी काही निराळं केलं. त्यालाही किंमत असतेच की."

"असेल. बोटीवर असेल."

"मग इथे का नको? कारण तरी सांगा."

भीमराजांनी दोरीचा वेढा बोटावरून उतरवला, पुन्हा चढवला.

घराच्या दारात सायली आली होती. लग्नाची पांढरी साडी नेसून झाली होती. केसांत फुले माळायची राहिली होती.

"बाबा," ती म्हणाली, "राहू द्या ना पडदा."

दोघांनीही तिच्याकडे पाहिले नाही. साखरपुड्याच्या दिवशी काय घडले होते ते तिघांनाही ठाऊक होते. नवरदेवाचे मामा सूर्यभान, शेवगावचे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पत्रावळीसमोर मांडी घालता घालता म्हणाले होते, "पोरगा बोटीवर गोऱ्यांना काट्याचमच्यांनी जेवू घालतो म्हणे! आणि आमच्या नशिबी फतकल मारून बुंदी?" सगळे हसले होते. निघताना सायलीच्या होणाऱ्या सासूने मात्र तिला बाजूला घेऊन सांगितले होते, की आमच्या घरात सूर्यभानदादाच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. त्याचे मन दुखले की वर्षानुवर्षे ऐकावे लागते.

"मला तिथं राहायचंय, बाबा," सायली म्हणाली.

भीमराजांनी दोरी मुलाच्या हातात दिली आणि ते पाहुण्यांकडे निघून गेले.

कोल्हारहून टेम्पो आला होता. भीमराजांचे ते मूळ गाव. त्यातून बागायतदार गोरक्ष पाटील आणि त्यांचे चारपाच भाऊबंद उतरले, आणि मागच्या बाजूने, कुणाचा हात न धरता, भीमराजांची थोरली बहीण बनाबाई व तिच्याबरोबरच्या तीन म्हाताऱ्या. बनाबाईने भाच्याच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली.

"लई वाळलास रं! बोटीवर काय उपाशी ठिवत्यात काय?"

"लोकांना वाढण्यात वेळ जातो, आत्या."

"मंग उरलंसुरलं तरी खात जा की!" म्हणून ती हसली.

लग्न वेळेवर लागले. पंचशील झाले, फुले पडली, टाळ्या वाजल्या. पंगतीची गडबड सुरू होताच महेंद्रने अंगात काळे जाकीट चढवले आणि तो सूर्यभान मामांना आणायला गेला. मामा जानवशात पंख्याखाली बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिले, सफारीचा गळा सारखा केला आणि बरोबरच्या मंडळींना म्हणाले, "चला, बघू तरी बोटीचा थाट."

मांडवात पहिली पंगत बसत होती. अगदी पुढच्या रांगेत गोरक्ष पाटील आणि त्यांचे भाऊबंद. भीमराज स्वतः त्यांना पाणी देत होते. महेंद्र सर्वांना ओलांडून कोपऱ्यात गेला. त्याने अदबीने चादर बाजूला केली आणि तो जागीच थांबला.

आत बनाबाई बसली होती. शेजारी त्या तिघी. एकीही खुर्चीवर नव्हती. टेबलाच्या पलीकडे, उघड्या जमिनीवर, पदर डोक्यावरून नीट ओढून त्या ओळीने बसल्या होत्या, आणि प्रत्येकीसमोर पिशवीतून काढलेले स्वतःचे स्टीलचे ताट होते.

"आत्या," महेंद्र हलक्या आवाजात म्हणाला, "इथे का बसलीस?"

"मंग कुठं बसू?" बनाबाई मोकळेपणाने म्हणाली. "तिकडं पाटलाची मान्सं बसल्यात. हिकडं पडदा दिसला. म्हनलं, आपल्या मान्सांची सोय हिकडं हाय. ताटं आनल्यात आमी संगं, कुनाला तरास न्हाई."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. सोय केल्याबद्दल समाधानच होते. दूर, पाण्याची कळशी घेऊन उभे असलेले महेंद्रचे वडील त्याच्याकडे पाहत होते.

"खुर्चीवर बस, आत्या."

"नगं बाबा. लोंबत्या पायांनी जेवन उतरत न्हाई."

"काय झालं?" मागून सूर्यभान मामांनी विचारले. ते पुढे आले. त्यांनी रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, रुमालांचे पंखे पाहिले, मग त्यांची नजर खाली गेली. "या कोण?"

"माझी आत्या."

"जागा आमची आहे ना ही?"

पदर हातात धरून सायली नवऱ्यामागून येत होती. तिची पावले मंद झाली. महेंद्रने तिच्याकडे एकदा पाहिले. बसलेल्या पाहुण्याला कधी उठवायचे नाही, एवढे एक बोटीवर त्याच्या अंगी मुरले होते. उभा असलेला कितीही मोठा असो.

"टेबल भरलंय, मामा," तो म्हणाला. "थोडं थांबावं लागेल."

मामांच्या जबड्याची शीर ताठ झाली. जोरात आलेल्या कुणा वाढप्याने बादली जमिनीवर टेकवली, तिचा आवाज साऱ्यांना ऐकू आला.

बनाबाईला गोष्ट उमगली असावी. तिने लगबगीने ताट उचलले आणि एक हात जमिनीवर टेकून ती उठू लागली.

"उठतो की आमी, साहेब. ही जागा तुमची व्हय? आमास्नी ठावं न्हवतं. तुमी बसा. आमचं काय, आमी मागून जेवू. सगळ्यांचं झाल्यावर."

बाकीच्या तिघींनीही ताटे उचलली. एकीने आपले ताट छातीशी धरले.

सूर्यभान मामा त्या ताटाकडे पाहत राहिले. मग ते म्हणाले, "बसा."

"अवो, न्हाई, आमी मागून..."

"मागून न्हाई." त्यांचा आवाज बदलला होता. "बसा, बाई. उठू नका."

बनाबाई अर्धवट उठलेली होती. तिने भाच्याकडे पाहिले आणि ती पुन्हा खाली टेकली.

मामांबरोबरच्या तरुणाला हे काही उमगले नसावे. त्याने पुढे होऊन एक खुर्ची ओढली आणि तो उत्साहाने म्हणाला, "मामा, या ना. खुर्च्या तर सगळ्या रिकाम्याच आहेत."

खांबाचा आधार घेऊन मामा खाली वाकले होते आणि बुटांच्या नाड्या सोडीत होते.